आल्मेदा: ताऱ्याच्या पोटात हरवलेला किल्ला

प्रश्न वसईहून आला आहे. विचारणाऱ्यांचं आडनाव आल्मेडा. ते लिहितात: "पोर्तुगालच्या सीमेवर आमच्याच आडनावाचा एक मध्ययुगीन किल्ला आहे असं कळलं. पण वरून काढलेल्या फोटोत तर बारा टोकांचा तारा दिसतो. मध्ययुगातले किल्ले असे नसतात ना? मग तो मध्ययुगीन किल्ला नेमका कुठे आहे? आणि आमच्या वसईच्या कोटाशी त्याचं काही नातं लागतं का?"

जुन्या तटबंद्यांची मोजणी आणि दुरुस्ती हे माझं काम. कोकणपट्टीतल्या पोर्तुगीज कोटांवर त्यातली बरीच वर्षं गेली. वसई, रेवदंडा, कोर्लई इथल्या भिंती वाचताना कोडी पडत गेली, ती सोडवायला म्हणूनच मी आल्मेदाला गेलो होतो. त्यामुळे हा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. उत्तर मात्र लांब होणार आहे.

आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही विचारता तो मध्ययुगीन किल्ला त्या ताऱ्याच्या आतच, गावाच्या वायव्य बाजूला आहे. म्हणजे होता. आज तिथे चौकोनी खंदक आहे, पायाचे दगड आहेत, कोपऱ्यांवरच्या गोल बुरुजांचे बुंधे आहेत आणि वर मोकळं आकाश. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खंदकाच्या काठाला उभा राहूनच "कास्तेलो कुठे आहे?" असं एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी काही न बोलता माझ्या पायापुढच्या खड्ड्याकडे हात केला. हा किल्ला शत्रूने जिंकून पाडला नाही, काळानेही झिजवला नाही. 26 ऑगस्ट 1810 च्या संध्याकाळी तो एका क्षणात हवेत गेला. असं का झालं हे कळायला पाचशे वर्षं मागं जावं लागतं.

आल्मेदा पोर्तुगालच्या पूर्व कडेला, ग्वार्दा जिल्ह्यात आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर एक उघडं, सपाट पठार, त्यावर गाव. नावाचं मूळ अरबी 'अल-माइदा' म्हणजे मेज या शब्दात असल्याचं मानतात आणि तिथे उभं राहिलं की ते पटतंही. पश्चिमेला कोआ नदी खोल दरी कापत उत्तरेकडे जाते, पूर्वेला आगेदा नदी वाहते. या दोन नद्यांमधल्या पट्ट्याला 'रिबाकोआ' म्हणतात, म्हणजे कोआकाठ. स्पेनची हद्द दहाएक किलोमीटरवर, आणि हद्दीपलीकडचं मोठं ठाणं म्हणजे स्युदाद रोद्रिगो.

आता नकाशावर बोट ठेवून पाहा. पोर्तुगालच्या बाजूने विचार केला तर आल्मेदा कोआ नदीच्या पलीकडे पडतं. पाठीमागे खोल दरी, समोर शत्रूपर्यंत सपाट मैदान. आपल्याकडचा कोणी गडबांधणीचा जाणकार ही जागा बघून मान हलवेल. डोंगर नाही, कडा नाही, तीन बाजूंनी नैसर्गिक अडसर नाही. मग इथेच किल्ला का? कारण हा किल्ला मुळात पोर्तुगालने पोर्तुगालसाठी उभारलेलाच नाही. तेराव्या शतकात रिबाकोआ लिओनच्या राज्यात होता आणि लिओनच्या दृष्टीने आल्मेदा नदीच्या अलीकडचं, पोर्तुगालवर नजर ठेवणारं ठाणं होतं. किल्ल्याचं तोंड पश्चिमेकडे होतं. मग धनी बदलला आणि त्याला उलट दिशेला पाहावं लागलं.

तो बदल घडवणारा पोर्तुगालचा राजा दिनिश. 1296 मध्ये कास्तीलच्या गादीवर, जिच्याखाली तोवर लिओनही आलं होतं, फेर्नान्दो चौथा हा मुलगा होता, कारभार त्याची आई मारिया दे मोलिना पाहत होती आणि राज्यात भाऊबंदकी माजली होती. दिनिशने ती संधी साधून रिबाकोआ घेतला. पुढच्या वर्षी 12 सप्टेंबर 1297 ला आल्कान्यिसेसचा तह झाला आणि तो ताबा कायदेशीर झाला. तहासोबत सोयरीकही जुळली: दिनिशची मुलगी कोन्स्तान्सा फेर्नान्दोला द्यायची आणि फेर्नान्दोची बहीण बेआत्रिस दिनिशच्या मुलाला, आफोन्सोला करायची. फेर्नान्दो तेव्हा अकरा वर्षांचा होता. सबुगाल, आल्फायातेस, कास्तेलो रोद्रिगो, विलार मायोर, कास्तेलो बोम, कास्तेलो मेल्योर, आल्मेदा अशी किल्ल्यांची अख्खी माळ पोर्तुगालकडे आली. त्या तहाने आखलेली सीमा किरकोळ फरक सोडले तर आजही तीच आहे. युरोपातल्या सर्वांत जुन्या सीमारेषांत तिची गणना होते.

दिनिशने किल्ला नव्याने बांधून काढला. त्या काळच्या पोर्तुगीज किल्ल्याचा जीव म्हणजे 'तोर्रे द मेनाजेम', आपल्या भाषेत बालेकिल्ल्यातला मुख्य मनोरा. 'मेनाजेम' म्हणजे किल्लेदाराने राजापुढे घेतलेली निष्ठेची शपथ. किल्ला मी राजाच्या वतीने धरीन, राजाखेरीज कोणाच्या हाती देणार नाही, असा तो शब्द. शपथेचं नाव इमारतीला मिळालं. किल्ल्यांवर इतकी वर्षं काम करूनही हा शब्द पहिल्यांदा नीट उलगडला तेव्हा मी थांबलो होतो. राजाचा विश्वास जिथे दगडात उभा केलाय त्या जागेचं नावच विश्वास, असं ते आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकात हल्ला यायचा तो शिड्या, धनुष्यबाण, धडका देणारे ओंडके आणि भिंतीखालून खणलेली भुयारं घेऊन. त्याला उत्तर म्हणजे उंची. भिंत जितकी उंच, तितकी शिडी लांब लागणार आणि वरून टाकलेला दगड तितका जोरात लागणार. म्हणून तट उंच आणि मानाने पातळ, तटावर चर्या म्हणजे दातेरी कठडा, आणि मनोऱ्याच्या माथ्यावर बाहेर झुकलेले सज्जे, त्यांच्या तळाला भोकं, पायथ्याशी आलेल्या माणसावर सरळ खाली मारा करायला. 1385 मध्ये कास्तीलचा राजा ज्या मोहिमेत अल्जुबारोताला पराभूत झाला, तिचं सैन्य पोर्तुगालमध्ये शिरलं ते याच आल्मेदाच्या वाटेने. एकटा किल्ला फौज अडवू शकत नाही. तो फौजेच्या पाठीत काटा होऊन राहतो, रसद अडवतो, बातमी पोहोचवतो. सीमेवरच्या किल्ल्याचं काम हेच.

आता आपल्या हाती जो सर्वांत मोलाचा पुरावा आहे त्याकडे येतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने सीमेवरचे किल्ले दुरुस्त करायला घेतले. आल्मेदात काम झालं: चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, भोवती बुटका बाहेरचा तट आणि खंदक. आणि 1509-10 मध्ये राजाने दुआर्त द आर्मास नावाच्या आपल्या पदरच्या माणसाला एक काम दिलं. दक्षिणेतल्या कास्त्रो मारींपासून उत्तरेतल्या कामिन्यापर्यंत सीमेवरचा प्रत्येक किल्ला जाऊन बघ आणि काढून आण.

तो गेला. स्वतः घोड्यावर, सोबत पायी चालणारा एक नोकर. पन्नासहून अधिक किल्ले त्याने काढले, बहुतेक प्रत्येक किल्ला दोन दिशांनी, आणि शिवाय जमिनीवरचे नकाशे. नकाशांवर भिंतींची उंची आणि जाडी 'वारा' या मापात लिहिली आहे. एक वारा म्हणजे साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर. काही चित्रांत रस्त्यावर एक घोडेस्वार आणि भाला घेतलेला माणूस दिसतो, तो म्हणजे स्वतः दुआर्त आणि त्याचा नोकर. हा ग्रंथ आज लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे.

माझ्यासारख्या माणसाला या चित्रांचं महत्त्व किती वाटतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे. रायगडाचं असं एखादं चित्र असतं, कोणीतरी 1680 साली घोड्यावर बसून दोन बाजूंनी काढलेलं, सदरेची उंची आणि तटाची जाडी लिहिलेलं, तर आपल्या किती वादांचा निकाल लागला असता! आल्मेदाचा किल्ला आज नाही, पण तो कसा दिसत होता हे आपल्याला ठाऊक आहे ते या एका माणसाच्या पायपिटीमुळे. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी चित्राची प्रत उघडली आणि बुरुजाचा बुंधा समोर धरून चित्रातला बुरूज त्यावर मनाने चढवत गेलो. पायाशी असलेला गोल ग्रॅनाइटचा घेर, वर शेवाळ आणि पिवळट दगडफुलं. डोळ्यांनी त्याच्यावर एकेक थर रचायचा. अर्ध्या तासात किल्ला उभा राहतो.

यानंतर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे वसईची जागा येते, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सगळ्यांना वाटतं की पोर्तुगीजांनी आधी आपल्या देशात नव्या पद्धतीचे किल्ले बांधले आणि मग तेच नमुने जहाजावर घालून आपल्याकडे आणले. आल्मेदाच्या बाबतीत उलट आहे. तोफेला तोंड देणारे कोनदार बुरूज वसईत आधी आले, आल्मेदाला नंतर.

तोफ आली आणि उंच पातळ भिंत हीच उणीव ठरली. गोळा लागला की उंच भिंत कोसळते आणि तिच्याच ढिगाऱ्याचा उतार शत्रूला वर यायला उपयोगी पडतो. म्हणून नवी भिंत बुटकी, जाड आणि आत माती भरलेली. माती गोळा गिळते. दुसरी अडचण गोल बुरुजाची. गोल बुरुजाच्या नाकासमोर पायथ्याशी एक तुकडा असा राहतो जिथे शेजारच्या बुरुजावरून गोळी पोहोचत नाही. सुरुंग लावणारा माणूस नेमका तिथे जाऊन बसतो. बुरूज बाणाच्या टोकासारखा केला की तो आडोसा उरत नाही. शेजारच्या बुरुजाच्या बगलेतून सुटलेली गोळी त्याच्या अख्ख्या बाजूला घासून जाते. कागदावर दोन बुरूज काढा, पट्टी ठेवून रेषा ओढा, म्हणजे पाच मिनिटांत कळेल. ताऱ्याचा आकार शोभेसाठी नाही. तो त्या रेषांमधून आपोआप निघतो.

ही विद्या इटलीतून पसरली. पोर्तुगीजांनी ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली ती मोरोक्कोच्या किनाऱ्यावर माझागांवला, 1541 मध्ये, बेनेदेत्तो दा रावेन्ना या इटालियन अभियंत्याच्या सल्ल्याने. भारतात वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून मिळाली. तिथे आधी आतला छोटा कोट झाला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला कवेत घेणारी मोठी भिंत उठली, बाणाच्या टोकाच्या बुरुजांची. तुम्ही रोज बघता ते सान सेबास्तियांव, रेमेदियोस वगैरे बुरूज या पिढीतले. त्या वेळी आल्मेदात काय होतं? मानुएलच्या काळचे तेच चार गोल बुरूज. पोर्तुगालचा धोका समुद्रावर होता, आफ्रिकेत होता, आपल्याकडे होता. आणि 1580 ते 1640 ही साठ वर्षं तर पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या छत्राखाली होते. एकाच घरातल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर तोफा कोण ठेवील? त्यामुळे सीमेवरचे किल्ले जसेच्या तसे मध्ययुगात राहिले आणि वसई त्यांच्यापेक्षा वयाने लहान असूनही बांधणीत पुढे गेली.

1 डिसेंबर 1640 ला लिस्बनमध्ये उठाव झाला, ब्रागांसाचा ड्यूक जुआंव चौथा म्हणून राजा झाला आणि एका रात्रीत ती निजलेली सीमा जागी झाली. अठ्ठावीस वर्षं चाललेलं युद्ध सुरू झालं. बैरा प्रांताचा लष्करी सुभेदार आल्व्हारो द आब्रांशेस याने 1641 मध्येच आल्मेदाच्या नव्या तटबंदीला हात घातला. फ्रेंच अभियंते आले. काम एका दमात झालं नाही, पिढ्यान्‌पिढ्या चाललं, अठराव्या शतकातही चालू होतं. त्यातून तुम्ही फोटोत पाहिलेला तारा तयार झाला: सहा मोठे बुरूज आणि प्रत्येक दोन बुरुजांमधल्या तटापुढे, खंदकात, एक सुटा त्रिकोणी बुरूज. सहा आणि सहा, बारा टोकं. घेर सुमारे अडीच किलोमीटर. दोन दरवाजे, सान फ्रान्सिस्को आणि सान्तो आंतोनियो. दोन्ही दुहेरी: आधी सुट्या बुरुजातून आत, मग खंदकावरून पूल, मग मुख्य तटातून वळण घेत जाणारा कमानीचा बोगदा. वळण अशासाठी की बाहेरून डागलेला गोळा सरळ गावात जाऊ नये. आपल्या गडांवरचे गोमुखी दरवाजे आठवा. दोन लोकांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढलं आहे.

सान जुआंव द देऊस बुरुजाच्या पोटात जमिनीखाली वीसेक कमानदार दालनं आहेत, ज्यांना तिथे 'काझामातास' म्हणतात. वर मातीचा जाड थर, आत दगडी कमान. वेढ्यात गाव आणि शिबंदी यांनी तिथे राहावं अशी योजना. पाणी आहे, हवेला झरोके आहेत. पुढे यादवीत त्यांचा तुरुंग झाला, आज तिथे संग्रहालय आहे. ऐन उन्हाळ्यात बाहेर ग्रॅनाइट तापून हात लावू देत नाही आणि आत अंगावर काटा येईल इतका गारवा असतो.

या नव्या तटाने आपलं काम केलंही. 1663 मध्ये स्पेनच्या ओसुनाच्या ड्यूकने आल्मेदावर चाल केली आणि त्याला परत जावं लागलं. पुढच्याच वर्षी कास्तेलो रोद्रिगोजवळ त्याचा साफ पराभव झाला. 1668 च्या लिस्बन तहाने स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. 1762 मध्ये, सप्तवार्षिक युद्धात, स्पॅनिश फौजेने आल्मेदा घेतलं खरं, 25 ऑगस्टला शरणागती झाली, पण पॅरिसच्या तहाने ते परत मिळालं.

आता या सगळ्यात जुन्या किल्ल्याचं काय झालं? तो ताऱ्याच्या आत आला. लढाईत त्याला काही काम उरलं नाही. बुटक्या तटांच्या मागे उंच डोकं काढून उभा, म्हणजे तोफांना सोपं निशाण. पण भिंती जाड, दगड भक्कम, जागा गावाच्या आत, सगळ्या बुरुजांना जवळ. अशा इमारतीचा उपयोग सगळ्या देशांत एकच होतो. दारूकोठार. मला याची रुखरुख वाटते. नव्या तटासाठी पिढ्यान्‌पिढ्या खर्च झाला, प्रत्येक बुरुजाचा कोन मोजून बसवला, आणि सगळी दारू ठेवली पाचशे वर्षांच्या एका इमारतीत, जी वरून पडणाऱ्या गोळ्यासाठी कधी बांधलीच नव्हती. मध्ययुगात आकाशातून तसा गोळा येत नसे.

1810 च्या उन्हाळ्यात मार्शल मासेना नेपोलियनची फौज घेऊन पोर्तुगालवर आला. जुलैत स्युदाद रोद्रिगो पडलं. 24 जुलैला आल्मेदाजवळ कोआच्या पुलावर इंग्रजांच्या हलक्या पलटणी आणि मार्शल ने यांच्यात चकमक झाली, इंग्रज पुलापलीकडे गेले आणि आल्मेदा एकटं पडलं. आत सुमारे चार-पाच हजार पोर्तुगीज शिबंदी, बहुतेक स्थानिक मिलिशिया म्हणजे गावकऱ्यांतून उभी केलेली फौज, आणि किल्लेदार इंग्रज, ब्रिगेडियर विल्यम कॉक्स. इंग्रज सेनापती वेलिंग्टनची अपेक्षा होती की हे ठाणं पावसाळ्यापर्यंत फ्रेंचांना रोखून धरील. तट चांगले, तोफा भरपूर, दाणागोटा भरलेला. अपेक्षा चुकीची नव्हती.

15 ऑगस्टच्या रात्री फ्रेंचांनी मोर्चे खणायला घेतले. 26 तारखेला पहाटे त्यांच्या तोफा सुरू झाल्या. दिवसभर मारा चालला, आतून उत्तरही मिळत होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला कोठारातून तटावर दारू नेण्याचं काम चालू होतं. त्यात एक पिंप गळकं होतं. किल्ल्याच्या दारापासून तटाच्या दिशेने जमिनीवर दारूची बारीक रेघ पडत गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. किल्ल्याच्या आवारात एक कुलपी गोळा येऊन फुटला, त्याच्या ठिणगीने ती रेघ पेटली आणि आग त्या रेघेवरून धावत कोठाराच्या उघड्या दारातून आत गेली. असं घडल्याचं पुढे सांगितलं गेलं आणि बहुतेक इतिहासकारांनी ते मानलं आहे.

आत दीड लाख पौंडांच्या आसपास दारू आणि लाखो काडतुसं होती. किल्ला गेला, शेजारचं मोठं चर्च गेलं, आसपासची घरं गेली. पाचशेहून अधिक माणसं मेली, त्यांत तोफखान्याचे कितीतरी गोलंदाज. तटावरच्या तोफा जागेवरून फेकल्या गेल्या. उडालेले दगड बाहेर फ्रेंच मोर्च्यांतही पडले आणि तिथेही माणसं जखमी झाली.

एक गोष्ट मुद्दाम बघण्यासारखी आहे. बाहेरचा तारा जवळजवळ शाबूत राहिला. फ्रेंचांनी तटाला खिंडार पाडलं नव्हतं. म्हणजे ज्या भिंतीसाठी एवढा खटाटोप केला, ती आपल्या कामात कमी पडली नाही. पण आत दारू उरली नाही, आणि दारूशिवाय तोफेचा किल्ला म्हणजे नुसता मातीचा बांध. 27 च्या रात्री कॉक्सने शरणागती दिली.

या शरणागतीत आपल्या मुलखाचा एक धागा आहे, आणि तो मला सापडला तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो. मासेनाच्या सोबत काही पोर्तुगीज सरदारही होते, नेपोलियनच्या चाकरीतले. त्यांत आलोर्नाचा मार्किस, दों पेद्रो द आल्मेदा पोर्तुगाल. त्याने आतल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी बोलणी केली, त्यांची मनं वळवली. हा 'आलोर्ना' म्हणजे पोर्तुगालमधलं गाव नाही. तो आपला हळर्णचा किल्ला, गोव्यात पेडणे तालुक्यात, शापोरा नदीकाठचा. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्या विजयाबद्दल त्या व्हाइसरॉयला 'मार्किस द आलोर्ना' हा किताब मिळाला. 1810 चा मार्किस त्याचा नातू. आडनाव आल्मेदा, किताब हळर्णचा, आणि तो माणूस फ्रेंचांच्या बाजूने आल्मेदाच्या दरवाजाशी उभा. शिबंदीतल्या एका अख्ख्या पलटणीने त्या दिवशी फ्रेंचांची चाकरी पत्करली, मात्र थोड्याच दिवसांत त्यातले बहुतेक शिपाई पळून आपल्या सैन्यात परत गेले. मार्किस पोर्तुगालला कधीच परतला नाही. नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीनंतर, 1813 च्या सुरुवातीला, तो क्योनिग्सबर्गला वारला.

1811 च्या वसंतात वेलिंग्टनने आल्मेदाला वेढा घातला. आत आता फ्रेंच जनरल ब्रेनिये, चौदाशेच्या आसपास माणसं घेऊन. मासेना सुटकेला आला आणि मेच्या सुरुवातीला फुएन्तेस द ओन्योरोला लढाई झाली, तो आत पोहोचू शकला नाही. मग निरोप आला की तट उडवून निघून या. निरोप घेऊन तीन शिपाई निघाले होते. दोघांनी वेष बदलला, ते पकडले गेले आणि हेर म्हणून मारले गेले. तिसरा, आंद्रे तिये, आपल्या गणवेशातच सरपटत गेला आणि पोहोचला. 10 मेच्या मध्यरात्री ब्रेनियेने सुरुंगांना वाती लावल्या आणि वेढा फोडून बरीचशी माणसं घेऊन तो आगेदापार झाला. त्या सुरुंगांनी तटाचे काही भाग उडाले, पुढे ते पुन्हा बांधले गेले. आज फिरताना दगडांच्या रांगेत जिथे एकदम रंग आणि घडण बदलते, ते जोड पाहायला विसरू नका.

किल्ला मात्र कोणी पुन्हा बांधला नाही. दगड गावातल्या घरांत गेले असणार, सगळीकडे तेच होतं. चर्चच्या जागी आज घड्याळाचा मनोरा उभा आहे. 1928 मध्ये आल्मेदाची तटबंदी राष्ट्रीय स्मारक झाली. दर ऑगस्टला तिथले लोक 1810 चा वेढा गणवेश घालून, तोफा डागून पुन्हा उभा करतात.

तुमच्या आडनावाबद्दल एवढं सांगतो: आल्मेदा हे मुळात स्थळनाव, त्यावरून पोर्तुगालमध्ये आडनाव झालं, आणि पुढे धर्मांतराच्या वेळी आपल्याकडच्या कितीतरी घरांनी ते धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून घेतलं. त्यामुळे तुमचे पूर्वज त्या पठारावरून आले असं धरून चालू नका. वसईच्या कोटाशी तुमचं नातं त्यापेक्षा कितीतरी थेट आहे.

तिथे जाणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी खंदकात उतरून बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, बुरुजाची बाजू आणि शेजारची बगल एका रेषेत कशी येते ते डोळा लावून पाहा. मग सान फ्रान्सिस्को दरवाजाने आत जा. काझामातास बघा. सगळ्यांत शेवटी किल्ल्याच्या खड्ड्याशी या, दुआर्तच्या चित्राची प्रत सोबत घेऊन. आणि वसईला परतल्यावर सान सेबास्तियांव बुरुजाशी जा. 1739 च्या मेमध्ये चिमाजी आप्पांच्या सुरुंगवाल्यांनी तो कुठे फोडला ते दगडांत शोधा. आल्मेदात जे जोड पाहिलेत, तसेच जोड तिथेही दिसतात का ते पाहा, आणि दिसले तर फोटो काढून मला पाठवा. माझ्या मोजणीच्या वह्यांशी ते ताडून पाहायचे आहेत.